गोड्या पाण्याचा गुन्हा

"उद्यापासून मुलांचा वर्ग बंद," सरांनी जाहीर केलं, आणि वर कोणी वाद घालू नये अशी ताकीदही दिली.

वाद घालणार तरी कसा? सर तोवर दाराबाहेर पोचलेसुद्धा! मिरचीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. राग आला की तिच्या नाकाचा शेंडा लालभडक व्हायचा. म्हणून तर मावशीने तिला मिरची हे नाव ठेवलं होतं, आणि आज ते नाव तिला अगदी शोभत होतं.

मावशी म्हणजे मिरचीच्या आईची सर्वांत धाकटी बहीण. समुद्र संशोधन केंद्रात ती प्रवाळांवर पीएचडी करत होती. प्रवाळ दिसायला दगडासारखं, फांद्या झाडासारख्या, आणि असतो मात्र तो प्राणी, एक नव्हे तर हजारो इवले प्राणी एकत्र राहणारे. सुट्टीत मावशी केंद्रातल्या काचेच्या मोठ्या टाकीपाशी मुलांचा वर्ग घ्यायची. ती गंमत म्हणून नव्हे. मुलं विज्ञान कशी शिकतात, हा तिच्या प्रबंधाचा अर्धा भाग होता, आणि तोच अर्धा भाग तिच्या डोक्याला ताप झाला होता. समुद्रवाले म्हणायचे, शिकवायची एवढी हौस आहे तर शिक्षण विभागात जा. शिक्षण विभागवाले म्हणायचे, ही ओली भानगड आमच्याकडे कशाला आणतेस? दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशी तिची गत. तिचे मार्गदर्शक म्हणजे हेच ते सर, आणि मुलांचा भाग प्रबंधात ठेवायचा की कापायचा, हे ते आता या महिन्यात ठरवणार होते.

आणि नेमकी आत्ताच प्रवाळं मिटली! एरवी ती आपली बारीक बारीक बोटं बाहेर काढून पाण्यात हलवत बसायची. आता सगळी आत ओढून, फिकट पडून, रुसल्यासारखी गप्प होती. सरांचं म्हणणं, मुलांनी टाकीत सरबत ओतलं. टाकीच्या दालनाच्या व्यवस्थापकांनी त्यांना तसं सांगितलं होतं, आणि मुलांपैकीच एकीने ते कबूल केलं म्हणे.

"कोणी कबूल केलं?" मिरचीने मागे वळून विचारलं.

वर्गातल्या पंडितने नकारार्थी मान हलवली. त्याला सगळ्यातलं सगळं माहीत असायचं, पण हे नव्हतं. शेजारच्या गोळीनेही तशीच मान हलवली. तिच्या गालात चोवीस तास लिमलेटची गोळी असायची, त्यामुळे तिचा एक गाल कायम सुजल्यासारखा दिसे. सरबत कुठून आलं, हे तिघांपैकी कोणालाच कळेना.

मावशी आठवडाभर बोटीवर होती, समुद्रात बुड्या मारून प्रवाळांची पाहणी करत. ती परतली ती या बातमीवरच. तिने आधी टाकीचं तापमान पाहिलं. ठीक होतं. मग भिंतीवरच्या मीटरवर पाण्याचा खारेपणा पाहिला. तोही रोजच्याइतकाच. मुलं असं करणार नाहीत, हे तिने सरांना सांगून पाहिलं. सर म्हणाले, तू भावनेच्या भरात बोलतेस. पालथ्या घड्यावर पाणी! मावशी परत आली आणि वर्गाचं सामान खोक्यात भरू लागली.

"तू भांडत का नाहीस?" मिरची जवळजवळ ओरडलीच.

"भांडायला पुरावा लागतो गं," मावशी म्हणाली. "माझ्याकडे काय आहे? तुमच्यावरचा विश्वास. तो प्रबंधात लिहिता येत नाही."

तिघं बाहेर पायरीवर येऊन बसली. मिरची दगड उचलून दूर फेकत होती. काय करावं, काही सुचतच नव्हतं! मग पंडित एकदम म्हणाला, की त्याला एक गोष्ट खटकते आहे. टाकीतलं पाणी रोज वाफ होऊन थोडं आटायचं. वाफ होतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून रोज सकाळी शुद्ध, बिनमिठाचं पाणी घालून टाकी काचेवरच्या रेघेपर्यंत भरायची, हे या तिघांचं काम होतं. पण मावशी बोटीवर गेल्यापासून पाणी रोज सकाळी आधीच रेघेला टेकलेलं असायचं.

"मग? आपलं काम वाचलं," गोळी म्हणाली.

"तेच तर! काम वाचलं म्हणून आपण खूश झालो आणि विचारच केला नाही. पाणी आटायचं थांबलं कसं?"

मिरचीच्या हातातला दगड हातातच राहिला. पाणी आटायचं थांबलं नव्हतं. कोणीतरी ते भरत होतं. पण कोण? आणि कसलं पाणी?

वर्ग बंद झाला होता, दालन काही बंद नव्हतं. दुपारी ते पाहुण्यांसाठी उघडं असे. अडचण एकच, मोठ्या माणसांशिवाय मुलांना आत सोडत नसत. तेव्हा गोळीने दारातल्या एका अनोळखी आजोबांना गाठलं आणि प्रवाळांची माहिती फुकटात सांगायची तयारी दाखवली. आजोबा खूश! त्यांच्यामागून तिघं ऐटीत आत शिरली. गोळीने माहिती इतकी रंगवली, की आजोबांना दालन बंद व्हायची वेळ झाल्याचं कळलंही नाही.

शेवटचे पाहुणे दाराकडे निघाले, तसे व्यवस्थापक बाह्या सरसावून टाकीपाशी आले. कोपऱ्यात समुद्राच्या पाण्याचं मोठं निळं पिंप होतं. त्यातून त्यांनी बादली भरली आणि रेघेपर्यंत पाणी टाकीत ओतलं. मग मागे सरून, कमरेवर हात ठेवून, आपल्या कामाकडे कौतुकाने पाहिलं.

"खारं!" पंडित कुजबुजला. "मीठ आधीच मागे राहिलंय, त्यात हे रोज आणखी मीठ घालतायत."

मिरची तडक मावशीच्या खोलीकडे धावली. मावशीने टाकीतलं मगभर पाणी आणलं आणि खोक्यातला डुलक्या बाहेर काढला. डुलक्या हे मुलांनी पहिल्याच दिवशी बनवलेलं उपकरण. औषधाची रिकामी बाटली, तळाला वाळू, बुचातून वर काढलेली सरबताची नळी. पाणी जितकं खारं, तितका तो वर तरंगणार. चांगल्या समुद्राच्या पाण्यात तो कुठवर बुडतो, तिथे मुलांनी नळीवर लाल खूण केली होती. आज ती लाल खूण पाण्याच्या वर अर्धं बोट उभी राहिली.

मावशी खाली बसली. "पण मीटर तर बरोबर दाखवतोय," ती म्हणाली. "सर मीटरचं ऐकतील की बाटलीचं?"

"आधी व्यवस्थापक काकांचं ऐकू दे त्यांना," मिरची म्हणाली. "मीटरचं आपण नंतर बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर दालनात आले, तर टाकीपाशी व्यवस्थापकांजवळ मावशी आणि तिघंही उभी! वर्ग बंद केलाय ना, असं त्यांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं. मिरचीने मान खाली घालून सांगितलं, की ती तिघं व्यवस्थापक काकांचे आभार मानायला आली आहेत. एवढा गोड आवाज तिने आयुष्यात काढला नव्हता. पंडितला खोकला आला.

"काका, प्रवाळं आजारी पडली, पण तुम्ही त्यांची किती काळजी घेतलीत," ती म्हणाली. "पाणी कधी कमी म्हणून होऊ दिलं नाहीत."

व्यवस्थापकांची छाती फुगली. "मग! या पोरांचं सरबत धुऊन निघायला हवं ना? रोज संध्याकाळी मी स्वतः अस्सल समुद्राचं पाणी घालतो. समुद्रातले जीव ते, त्यांना समुद्राचंच पाणी हवं."

सरांचा चेहरा बदलला. "रोज? खारं पाणी?" मग त्यांची नजर भिंतीकडे गेली. "पण मीटर तर..."

मिरची याचीच वाट पाहत होती. तिने मीटरची कांडी टाकीतून काढली आणि गोळीच्या पिण्याच्या पाण्याच्या पेल्यात बुडवली. सगळे आकड्याकडे बघत राहिले. आकडा जागचा हलला नाही! मीटरच्या मते पिण्याचं पाणी आणि समुद्र दोन्ही सारखेच खारे होते. सरांनी कांडीच्या टोकावरून नख फिरवलं, तसा क्षारांचा पांढरा थर खरवडून निघाला. किती दिवस ती कोणी पुसली नव्हती, कोण जाणे. शेजारी टाकीत सोडलेला डुलक्या मात्र लाल खूण वर काढून डुलत होता.

"पण सरबत?" सर व्यवस्थापकांकडे वळले. "ते तर घातलं ना यांनी?"

"घातलं म्हणजे? ही मुलगीच एका बाईंना सांगत होती," व्यवस्थापकांनी गोळीकडे बोट दाखवलं. "'आम्ही प्रवाळांना रोज गोडं पाणी देतो!' हात चिकट, तोंडात लिमलेट. मी काय समजायचं?"

गोळीचा गाल हलायचा थांबला. "अहो काका, गोडं म्हणजे खारं नसलेलं! विहिरीचं पाणी गोडं आहे म्हणतात, तेव्हा विहिरीत कोणी साखर टाकतं का?"

इतक्या वर्षांत व्यवस्थापकांनीही शंभर विहिरींचं गोडं पाणी प्यायलं असेल. ते हळूच म्हणाले, की एकदा विचारायला हवं होतं.

सरांनी घसा साफ केला. मुलांच्या हुशारीचं, चिकाटीचं त्यांनी तोंडभरून कौतुक केलं, तिघांच्या पाठीवर शाबासकीही दिली, आणि सगळ्यांना आइस्क्रीम देण्याचं कबूल केलं.

"आइस्क्रीम नको," मिरची म्हणाली. गोळीने तिला कोपराने ढोसलं, पण ती थांबली नाही. "आम्हाला एकदा तरी का नाही विचारलंत?"

"तुम्ही लहान आहात," सर म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही काय सांगणार."

"आणि मावशी? ती कुठे लहान आहे?"

सर मावशीकडे वळले आणि म्हणाले, की चूक त्यांचीच झाली. वर्ग आजच सुरू कर, प्रबंधातला मुलांचा भागही राहील.

"भाग नाही, सर," मावशी म्हणाली. "मुलांनी बाटली बनवली नसती, तर टाकीचं मला काही कळलं नसतं. टाकी नसती, तर मुलांनी बाटली कशाला बनवली असती? हा प्रबंध एकच आहे. तो मी एकच लिहिणार."

सरांनी टाकीतला डुलक्या उचलून मावशीच्या हातात दिला. मग म्हणाले, "लिही."

ते गेल्यावर मावशी मुलांच्या बुटक्या बाकावर बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडू लागली. तिघं घाबरली. मिरची तिच्या गुडघ्याशी जाऊन बसली.

"मावशी, सगळं सुटलं ना आता? मग का रडतेस?"

"सुटलं म्हणूनच गं," मावशी म्हणाली. "इतके दिवस रडायलासुद्धा सवड नव्हती."