साखळी सैलच होती

नदीकाठच्या ऑफिसात खुर्च्या उबवणाऱ्यांनो, हे तुम्ही केलंत. तुमच्या खिडकीखाली केलंत आणि वर विसरूनही गेलात. लक्षात आलं कुणाच्या? तर सुट्टीत मामाकडे आलेल्या पोरांच्या, आणि तेही एका चपलेमुळे.

चप्पल भोपळ्याची. भोपळा हा मामाचा मुलगा. नदीच्या पायऱ्यांवर बसून तो गळ टाकत होता आणि माशाऐवजी दर वेळी स्वतःचा शर्ट पकडत होता. शेजारी त्याची आतेबहीण ठकी आणि ठकीचा धाकटा भाऊ वकील. त्याला वकील का म्हणतात, ते त्याच्याशी घटकाभर बोललं की कळायचं.

शर्टातला गळ सोडवण्याच्या झटापटीत भोपळ्याची चप्पल पाण्यात पडली. ठकी ती उचलायला खाली उतरते तोवर चप्पल सुसाट निघाली. तिघं काठाकाठाने धावत सुटली. चप्पल बांधलेल्या होड्या ओलांडून वळणापलीकडे दिसेनाशी झाली.

"सकाळी माझा चेंडू इथेच पडला होता," ठकी धापा टाकत म्हणाली. "तो जागच्या जागी गिरक्या घेत होता. मी हाताने उचलला."

"म्हणजे दुपारी वरच्या बंधाऱ्याचं दार उघडत असणार," वकील म्हणाला. "पण मग ते बघ."

ऑफिसच्या छपरावर हिरवं निशाण होतं. हिरवं म्हणजे पोहा, गळ टाका, होड्या काढा. लाल म्हणजे सगळ्यांनी काठावर.

"भोपळ्या, दुसरी चप्पल दे. पुन्हा बघू," वकील म्हणाला.

"ती कशाला?"

"एका चपलेवर आयुष्यभर लंगडी घालणार आहेस का?"

दुसरीही पहिलीच्या मागे गेली. भोपळा कुरकुरला, पण ठकीला हसू आलं नाही. मामाची थोरली मुलगी, ठकीची ताई, लहान मुलांना पोहायला शिकवायची. तिचा वर्ग सकाळी भरायचा. आजपासून, सुट्टी लागली म्हणून, तो दुपारी होणार होता. याच पायऱ्यांवर, आणि आता थोड्याच वेळात.

तिघं ऑफिसात पोचली. निशाणवाला खिडकीशी डबा खात होता.

"काका, पाण्याला ओढ आहे. निशाण बदला," ठकी म्हणाली.

"पाण्याचं मला सांगू नकोस. मी साखळी बघतो." त्याने चमच्याने खाली दाखवलं. पाण्यात एक खांब होता आणि त्याला साखळीने बांधलेला पत्र्याचा मोठा लाल गोळा तरंगत होता. "पाणी ओढायला लागलं की गोळा लांब जातो, साखळी ताणते. ताणली की मी लाल चढवतो. आता कशी आहे?"

"सैल," भोपळा म्हणाला.

"मग झालं तर."

ठकी खिडकीतून वाकली. गोळ्याभोवती पिवळी पानं पडली होती आणि त्यातलं एकही पान हलत नव्हतं. पलीकडे एक दगडी भिंत होती. भिंतीच्या पलीकडे नदी धावत होती.

"हा खांब आधीपासून इथेच आहे?"

"छे. बाहेर धारेत होता. गोळा दिवसभर खांबावर ठणठण आपटायचा, साहेबांना काम सुचेना. म्हणून भिंतीच्या आत घेतला. आता खुर्चीतून दिसतो, उठायलाही लागत नाही."

"अहो, पण भिंतीच्या आत पाणी थांबलेलंच असणार. इथे साखळी कधीच ताणणार नाही."

"म्हणून तर गेले कित्येक दिवस लाल लावायची वेळ आली नाही," निशाणवाला अभिमानाने म्हणाला.

आतून साहेब आले. वकिलाने त्यांना चेंडूपासून चपलेपर्यंत सगळं सांगितलं. साहेबांनी त्याच्या डोक्यावर टपली मारली.

"हुशार आहेस हं. पण चपलेवर ऑफिस चालत नाही, बाळा. जा, खेळा."

मग तिघं ताईकडे धावली. ताई पायऱ्यांवर मुलांना रांगेत उभी करत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, पाण्यात हात बुडवला आणि तिचा चेहरा उतरला.

"खरंय तुमचं. पण हिरवं निशाण असताना मी वर्ग बंद केला, तर उद्या माझ्या जागी दुसरी कुणी येईल. ती तर पाण्यात हातही घालून बघणार नाही." ती निशाणाकडे बघत राहिली. "मी त्यांना कडेकडेनेच ठेवते."

ठकीला रडू फुटलं. ज्याला त्याला सगळं सांगून झालं होतं. आता कुणाकडे जायचं?

"त्यांना पाणी बघायचं नाहीये," वकील हळूच म्हणाला. "साखळी बघायची आहे. मग साखळी ताणू या."

भिंतीवर पालथं पडून भोपळ्याने गळ टाकला. गळ पानांत अडकला. पुन्हा टाकला, तर वकिलाच्या बाहीत. तिसऱ्या खेपेला गोळ्याच्या कडीत बसला, आणि तिघांनी दोरी ओढली. गोळा जड होता. दोरी ठकीच्या तळव्यात रुतत गेली. साखळी हळूहळू पाण्याबाहेर आली आणि ताठ झाली.

खिडकीत निशाणवाला पाठ करून डबा धूत होता.

"काका, साखळी," ठकी ओरडली. त्याने नळ बंद केला नाही. पायऱ्यांकडून मुलांचा खिदळण्याचा आवाज येत होता. मुलं पाण्यात उतरली होती. ठकीला दोरी सोडून तिकडे धावावंसं वाटत होतं, पण दोरी सोडली तर साखळी सैल पडणार होती.

शेवटी तो वळला. त्याने साखळी बघितली, डबा टाकला, शिट्टी फुंकली. छपरावर लाल निशाण चढलं.

ताईने मुलांना भराभर वर ढकललं. एक मुलगी मात्र कडेचा दगड हातातून सुटून धारेत सापडली. ताईने तिच्यामागे उडी घेतली. दोघी होड्यांकडे वाहत गेल्या आणि भिंतीवरून ठकीला फक्त बघता येत होतं. ताईच्या हाताला होडीचा दोर लागला. तिने तो सोडला नाही. होडीवाल्यांनी दोघींना वर खेचलं. मुलगी खोकली, मग भोकाड पसरून रडली, आणि ते ऐकून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

ऊन उतरल्यावर साहेब पायऱ्यांवर आले. मुलांचे आईवडील जमले होते. साहेबांनी ताईचं कौतुक केलं, मग तिघांना पुढे बोलावलं.

"शाब्बास. अशी जागरूक मुलं हवीत. मात्र भिंतीवर चढणं धोक्याचं आहे. उद्यापासून तिथे काटेरी तार लावायला सांगतो."

टाळ्या झाल्या. ठकीने चिंधी बांधलेला हात पाठीमागे धरला होता.

"साहेब, उद्या दुपारी निशाण कुठलं असेल?"

"ते साखळी बघून ठरेल, बाळ."

"आणि साखळी कुठे असेल?"

साहेब हसले आणि तिच्या डोक्यावर थोपटायला हात पुढे केला. ठकी मागे सरकली.

"मी विचारलं, उद्या साखळी कुठे असेल?"