उपासातली गोळी

"लिजिमोल मला मारायला टपलीय, असं साबू म्हणतो," म्हणत मरियक्कुट्टी अम्मच्चीने उकडलेल्या कंदाचा पुढचा तुकडा तोंडात टाकला.

पैली दचकला. स्वतःच्या खुनाबद्दल इतक्या थंडपणे बोलणारं माणूस त्याने हवालदारकीच्या उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. निवृत्त झाल्यापासून तो रोसिली चाक्कोच्या मागे हिंडायचा. एके काळची ही वॉर्डातली मुख्य नर्स आता खासगी तपास करायची.

अम्मच्चीची थायरॉइड ग्रंथी चार वर्षांपूर्वी काढलेली, सगळी मदार रोजच्या एका गोळीवर. पण गेले सात आठवडे तिचा चेहरा सुजला होता, आवाज घोगरा झाला होता. केरळातल्या पालाईच्या मार्चच्या उकाड्यात ती शाल पांघरून बसायची. गोळी लागूच पडत नाही, असं रक्ताचा अहवाल सांगत होता. मुलगा साबूने घरी ठेवलेल्या नर्सविरुद्ध, लिजिमोलविरुद्ध, नर्सिंग कौन्सिलकडे तक्रार लिहून ठेवली होती. ती उद्या पाठवली, की तिची नोंदणी धोक्यात.

"पहाटे पाचला गोळी आणि पाण्याचा पेला हातात देते," लिजिमोल निर्विकारपणे म्हणाली. रडून झालं असावं.

"गिळताना बघतेस?" रोसिलीने विचारलं.

"तेवढ्यात चर्चला न्यायची छत्री शोधते, चेच्ची. उशीर झाला की अम्मच्ची ओरडतात. कॅल्शियमची एक गोळी नऊला ठेवते. दोन्हींत चार तास हवेत ना."

पैलीने बाटली तपासून आणली होती. गोळ्या अस्सल, संख्याही बरोबर. "मग पाण्यातच काहीतरी असणार!" तो म्हणाला.

"कसलं पाणी?" स्वयंपाकीण त्रेसा फणकारली. "पेला भरलेलाच असतो. रोज कढीपत्त्याला ओतते मी."

साबू तावातावाने म्हणाला, "ईस्टरआधीचा पन्नास दिवसांचा उपास लागल्यापासून आई रोज चर्चमध्ये सहाच्या मिस्साला जाते. एरवी रविवारीच जायची. आल्यावर नऊला काळी कॉफी आणि दोन गोळ्या, माझ्यासमोर घेते! तिची चूक नाही."

रोसिलीने सगळ्यांना बसवलं.

"पैली, नऊला लिजिमोल किती गोळ्या ठेवते?"

"एक."

"अम्मच्ची किती गिळते?"

"दोन..." पैलीचं तोंड उघडंच राहिलं.

"दुसरी पाचची. ती रुमालात बांधून चर्चला नेते. अम्मच्ची जुन्या वळणाची, ख्रिस्तप्रसादाआधी पाण्याचा थेंबही घेणार नाही. आता पाणी चालतं, औषधही चालतं. पण लहानपणीचा नेम सुटतो कुठे? म्हणून गोळी नंतर, कॉफी आणि कॅल्शियमबरोबर. कॅल्शियम त्या गोळीला रक्तात जाऊच देत नाही. आठवड्यातून एकदा ते निभावलं, रोज कसं निभावणार? साबू, आजच डॉक्टरकडे ने. आणि लिजिमोल, मोळे, हातात दिली म्हणजे गोळी दिली असं होत नाही."

लिजिमोलने मान खाली घातली.

"आई, तक्रार वाचून दाखवली तेव्हा बोलली का नाहीस?"

"पोरीचं वाटोळं होईल, हे कळत होतं," अम्मच्ची संथपणे म्हणाली. "वाईट वाटायला हवं, हेही कळत होतं. वाटतच नव्हतं रे काही."

"या दुखण्यात मनही गारठतं," रोसिली म्हणाली.

साबूने कागद फाडला. तशी लिजिमोलला हुंदका आवरेना. पैली तिला गप्प करायला उठला.

अम्मच्चीने आपला गार हात पोरीच्या डोक्यावर ठेवला.

"रडू दे तिला. गोळी लागू पडली, की मीही रडेन."