अनेकांतचा पासवर्ड

राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान हाय. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास न्हाय. मशीन बिघडलं की कुठंतरी वायर सुटलेली असती, एवढंच मला ठाऊक. म्हणून हे सांगताना माझाच मला राग येतोय.

अनेकांत माझा शाळेपासूनचा दोस्त. २००७ साली बेंगळुरूला नोकरीला होता. घरचा कॉम्प्युटर, तिकडचा लॅपटॉप, दोन्हीकडं दोन-दोन ब्राउझर आणि गडी सगळीकडचे पासवर्ड विसरणारा! पासवर्ड सांभाळणारे चार प्रोग्राम वापरून बघितले, त्यातला दोन्हीकडं चालणारा मीच त्याला बसवून दिला.

"एकच मुख्य पासवर्ड ध्यानात ठेव, बाकीचे ह्यो सांभाळतोय," मी म्हणालो. "पण त्यो एक गेला की संपलं, बघ."

त्याच्या आईला, पद्माकाकूंना, अक्षरं दिसायची न्हाईत. घरात जैनांची रीत, दिवस असतानाच जेवण. तिकडं हा जेवून उठला की आवाज रेकॉर्ड करून आईला मेल करायचा, "आई, जेवलो. तू जेवून घे." मगच काकू स्वतःचं ताट वाढायच्या. त्यांच्या मेलचा पासवर्डही त्याच प्रोग्राममध्ये. घरी आला की तो उघडून ठेवायचा, काकूंनी नुसतं बटण दाबायचं. जेवून हात धुतले की गडी ते मात्र कधी पुसायचा न्हाय. ओल्या बोटांनी कीबोर्ड बडवायचा आणि आईच्या शिव्या खायचा.

हायवेवर ट्रकनं त्याला उडवलं. लॅपटॉपचाही चुरा झाला. काकू जुने मेल ऐकून दिवस ढकलत होत्या. मग लोडशेडिंगमध्ये कॉम्प्युटर बंद पडला आणि चालू झाल्यावर प्रोग्रामनं मुख्य पासवर्ड मागितला.

"शिवा, त्याचा आवाज विसराय लागलोय मी," काकू म्हणाल्या. "उघडून दे की रं."

दुकान बंद करून मी जायचो. जन्मतारीख, गाडीचा नंबर, काय काय घालून बघितलं. काकूंच्या मेलचा नवीन पासवर्ड मागितला तर तो अनेकांतच्याच मेलवर जाणार, आणि त्या मेलची किल्लीही आतच. डोकं फुटायची वेळ आली.

"तू उशिरा येतोस," काकू म्हणाल्या. "दिवस असताना ये. पासवर्डच्या चौकटीत आपोआप काळे ठिपके उमटत्यात, तेवढं दिसतंय मला."

बटण चिकटलं असणार, दुसरं काय? गेलो. कीबोर्डची वायर उपसली, नेटची उपसली आणि कीबोर्ड मांडीवर घेऊन बसलो. काकूंनी दोन ताटं वाढली. एक माझं. दुसऱ्यापुढं कुणीच नव्हतं.

"तुमचं कुठाय?"

"त्याचा निरोप आल्याबिगर संध्याकाळचं कधी जेवलोय मी?"

तेव्हा त्यांची मनगटं बघितली. नुसती हाडं.

भिंतीवरचं ऊन वर सरकलं.

पडद्यावर एक ठिपका उमटला. मग दुसरा. मधे थांबून, आठवत आठवत, आणखी.

कुलूप उघडलं.

मी नेट जोडलं, माऊसनं मेल उघडला. "आई, जेवलो. तू जेवून घे." काकूंनी पदर तोंडात कोंबला. मलाही रडू आवरेना.

"काकू, आता मुख्य पासवर्ड बदलून टाकतो. तुम्हाला कायम उघडता येईल."

"नगं!" त्यांनी माझा हात धरला. "मग त्यो कसा उघडणार रं?"

काकूंनी ते दुसरं ताट पुढं ओढलं आणि पहिला घास घेतला.

परत जोडायला म्हणून मी मांडीवरचा कीबोर्ड उचलला. बटणं ओली होती.

मी तर अजून ताटाला हातही लावला नव्हता.