कुब्बेचा चढ

खट्! पॅडल एकदम पोकळ झालं, रुवैदाचा पाय निसटला आणि विजेची सायकल रस्त्याच्या मधोमध थबकली. मागचा टॅक्सीवाला हॉर्न वाजवत, बडबडत निघून गेला.

समुद्राकडून भुरभुर पाऊस येत होता. मीना या बंदराच्या वस्तीतल्या त्या गल्लीत एकच शटर अर्धं उघडं होतं. त्याखालून एक तरुण वाकून तिच्याकडे बघत होता.

"असं चढावर जास्त होतं ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"आवाजावरून... आत या. भिजताय."

त्याचं नाव वहीब. सायकली दुरुस्त करायचा. ती नर्स होती. पेट्रोल मिळेनासं झाल्यापासून याच सायकलवरून घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांना इन्सुलिन टोचायची, जखमा बांधायची.

वहीबनं चेनच्या कड्यांत मापाची पट्टी घालून पाहिली. "ताणली गेलीय. हिची मोटार पॅडलपाशी आहे, तिचा सगळा जोर चेनमधूनच जातो. त्यात तुमचा. चढावर गिअर बदलताना जरा पाय सैल सोडत जा."

"पेशंट वाट बघत असला की पाय सैल सुटत नाही."

तो हसला. नवी चेन चढवताना त्याची नजर क्षणभर, चेन जिच्यावर बसते त्या मागच्या चक्राच्या दात्यांवर अडखळली... पण तो एवढंच म्हणाला, "आठवड्यानं एकदा दाखवून जा."

ती गेली. त्याच्या पुढच्या आठवड्यातही गेली. कधी गिअरची तार सैल असायची, कधी नुसतंच तेल. येताना ती गाडीवरचा गरम काक, तीळ लावलेला पाव, घेऊन यायची, आणि तो तेलकट बोटं पुसत अर्धा तोडून तिलाच द्यायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"बाकीच्यांच्या सायकली करतोस की नाही? की माझीच?"

"बाकीच्या मुकाट्यानं दुरुस्त होतात. बोलत नाहीत."

"माझी सायकल बोलते?"

"सायकल नाही..." तो म्हणाला आणि थांबला. त्याचे कान लाल झाले. रुवैदाही उगाच पावसाकडे बघत राहिली.

दोन दिवसांनी संध्याकाळी ती टेकडीवरच्या कुब्बे वस्तीच्या चढावर होती. वर उम्म तौफीक ही तिची म्हातारी पेशंट इन्सुलिनच्या इंजेक्शनची वाट बघत होती, उशीर झाला होता. ती पॅडलवर उभी राहिली... आणि चेन घसरली. रुवैदा हातावर पडली. मनगटाचं हाड मोडलं.

उम्म तौफीकचं इंजेक्शन त्या दिवशी राहिलं ते राहिलंच. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी तिला उचलून दवाखान्यात नेलं. चार दिवसांनी म्हातारी घरी आली, पण ते चार दिवस रुवैदाच्या घशाखाली घास उतरला नाही.

पाचव्या दिवशी वहीब, पडल्यावर दुकानात पोचवलेली तिची सायकल ढकलत दारात आला. दाढी वाढलेली, डोळे खाली.

"मागचं चक्र बदललंय," तो म्हणाला. "आता घसरणार नाही."

"आधी का नाही बदललंस?"

तो हलक्या आवाजात म्हणाला, "पहिल्याच दिवशी दिसलं होतं मला. दाते झिजून टोकदार झाले होते. जुन्या दात्यांवर नवी चेन बसत नाही, जोर आला की उडते. नवं चक्र दुकानात होतं, रुवैदा. पण सगळं एकदम करून दिलं असतं, तर तू... पुन्हा आली नसतीस."

जिन्यात कुणीतरी चपला वाजवत वर गेलं. वहीबला वाटलं, ती ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"वहीब, ती म्हातारी गेली असती."

"माहीत आहे. मी तिच्या घरी जाऊन आलो. सगळं सांगितलं. तिनं घराबाहेर काढलं मला."

"बरं केलं तिनं," रुवैदा म्हणाली आणि दार लावून घेतलं.

दाराला पाठ टेकून ती बराच वेळ उभी होती. राग होता, खूप होता. पण तिला हेही कळत होतं, की प्रत्येक आठवड्याला काकच्या गाडीपाशी थांबताना आपणही सायकलचं निमित्तच शोधत होतो... फरक एवढाच, तिच्या निमित्तानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. त्याच दुपारी ती दुकानाच्या शटरखालून वाकून आत आली. वहीब स्टुलावरून उठला.

"शिकव मला," ती म्हणाली.

"काय?"

"चेन कशी मोजायची, कशी बदलायची, दाते झिजलेत ते कसं ओळखायचं. सगळं. काही लपवायचं नाही."

त्यानं शिकवलं. तिच्या अशक्त मनगटावर जोर पडू नये म्हणून पान्यावर तोही हात ठेवायचा, पण फिरवायची ती. संध्याकाळपर्यंत तिनं चेन दोनदा उतरवली, दोनदा चढवली. पॅडल हातानं फिरवून पाहिलं. एक कडीही घसरली नाही.

"झालं," वहीब म्हणाला. "आता तुला माझी गरज नाही."

"नाहीच," रुवैदा हात पुसत म्हणाली. "म्हणून उद्या मी येईन ना, तेव्हा सायकलसाठी आले असं समजू नकोस."