रस्त्याचं पाणी

यातला एकही शब्द मी वाढवलेला नाही. वाढवायचाच असता, तर अप्पांना थोडं चांगलं दाखवलं असतं.

३ मे १९७३. गुरुवार, भर दुपार. सोनारीजवळ दुष्काळी कामातून एक रस्ता होत होता. त्याची सगळी जबाबदारी माझ्या वडिलांवर, अप्पांवर होती. मी अकरा वर्षांची. शाळेला सुट्टी, म्हणून त्यांच्याबरोबर जीपमध्ये आले होते.

मुरूम दाबायला पाणी लागतं. कोरड्या मुरमावर रोलर फिरवला, तर रस्ता पहिल्याच पावसात वाहून जातो. म्हणून कामावर दोन टँकर यायचे. एक माणसांसाठी, एक रस्त्यासाठी.

त्या दिवशी माणसांचा आलाच नाही.

खडी फोडणारी विठाबाई रस्त्याच्या टँकरपाशी तांब्या घेऊन आली.

"घोटभर द्या की, साहेब."

"ते रस्त्याचं आहे. तुला दिलं की चारशे जणी येतील."

"रस्ता मरतो व्हय पाण्याबिगर? का त्याला बी लेकरंबाळं हायती?"

बायका हसल्या. अप्पांना ते हसणं लागलं.

"तांब्या ठेव. कामाला लाग."

चार वाजता विठाबाई खडीच्या ढिगावर कलंडली. पुन्हा उठली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या ढिगासमोरच्या मुरमावर पाणी सोडलं...

मुरूम भिजेना.

रोलरवाल्या धुळाप्पानं इंजिन बंद केलं. "साहेब, ऐका जरा."

खालून आवाज येत होता...

घट्. घट्. घट्.

उन्हातून आलेलं माणूस उभ्या उभ्या तांब्या तोंडाला लावतं, तसा.

अख्खा टँकर रिता झाला. वर धूळ तशीच.

तेवढ्यात माणसांचा टँकर आला. बायका घागरी घेऊन धावल्या. अप्पांनी हात आडवा केला.

"हाही इथंच सोडा."

"न्हाय, साहेब," धुळाप्पा म्हणाला. "पाप लागंल."

"सोड म्हणतो ना." मग अप्पा खाली बघून बोलले. "पी. बघू किती पितेस."

चारशे बायका बघत उभ्या होत्या.

शेवटचा थेंब पडला, आणि...

आवाज थांबला. मुरूम काळा पडत गेला. भिजला.

परतताना अप्पांनी जीपमध्ये पाणी मागितलं. फिरकीच्या झाकणाचा तांब्या एका दमात संपवला. ओठ कोरडेच.

ती तहान अकरा वर्षं गेली नाही. साखर तपासली, नव्हती. शेवटी मूत्रपिंडं गेली. उस्मानाबादच्या डॉक्टरांनी मला बजावलं, दिवसाला दोन वाट्या पाणी. वर थेंबही नाही, नाहीतर छातीत भरेल.

मी ते पाळलं.

शेवटच्या दिवशी दवाखान्यात अप्पांनी मला ओळखलं नाही. हात जोडले.

"घोटभर द्या की, साहेब."

त्या दिवसाच्या दोन वाट्या झाल्या होत्या. मी तांब्या उचलून खिडकीत ठेवला, त्यांना दिसेल पण हात पोचणार नाही असा. दिवेलागणीला ते गेले.

घरी आणून अंघोळ घातली. आईनं पहिली घागर ओतली. दुसरी. तिसरी...

पाटाखालची माती कोरडी होती. केससुद्धा भिजले नव्हते.

चौथी घागर माझ्या हातात होती. वाकले, तेव्हा अप्पांच्या मिटलेल्या ओठांआडून...

घट्.

मी घागर खाली ठेवली. "पुरे," म्हणाले.

आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. तसंच, कोरडं, आम्ही त्यांना मातीत ठेवलं. ती तहान भागायला ती एकच घागर उरली होती का, हे मला कधीच कळणार नाही.