तळ्याआधीच्या तीन पायऱ्या

सानपाड्याची सुनयना सायकलवर डोंगर पालथे घालायची. पण रबाळ्यामागच्या जंगलवाटेवर एक जागा अशी होती, की तिथे तिची सगळी मिजास उतरायची. कारवीच्या दाटीतून वाट अचानक तीन उंच कातळांवरून खाली जायची, आणि त्यापुढच्या वळणावर तळं. दर वेळी तिथेच तिचा पाय जमिनीला टेकायचा. मग सायकल हातात धरून ती मुकाट उतरायची.

डिसेंबरातल्या एका रविवारी ती तशीच उतरत होती, तर मागून आवाज आला, "सावकाश होऊ दे. घाई नाय."

वळून पाहते तो धुळीनं माखलेला, हेल्मेटखाली हसणारा एक तरुण. यशराज त्याचं नाव. घराणं साताऱ्याकडचं, एपीएमसी मार्केटात वडिलांबरोबर फळांचा गाळा सांभाळायचा. तो पुढे आला, आणि दुसऱ्या कातळावर त्यानंही पाय टेकला.

"तुमचाही टेकला?" सुनयनाला इतकं बरं वाटलं, की विचारू नका.

"लय अवघड हाय ही जागा," तो म्हणाला.

तिथेच ठरलं... रविवारी यायचं, आणि ज्याचा पाय टेकेल त्यानं दुसऱ्याला पेरू खाऊ घालायचे. टेकायचा दोघांचाही. तळ्याकाठी बसून पेरू खाताना दुसऱ्याच रविवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि सोमवार उजाडला की सुनयनाला पुढच्या रविवारचे वेध लागायला लागले.

सहाव्या रविवारी ती गुपचूप सरावासाठी अर्धा तास आधी पोचली. पाहते तर काय, यशराज तिन्ही कातळांवरून अलगद उतरत होता. पाय कुठेच टेकला नाही.

सुनयना तरातरा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"म्हणजे इतके दिवस माझी कीव करत होतास?"

त्यानं हेल्मेट काढलं. "कीव नाय गं... पहिल्या दिवशी तुझं तोंड एवढंसं झालं होतं. म्हटलं, मी सुसाट गेलो तर ही परत यायची नाय. नंतर सांगायचा धीरच झाला नाय."

"मला सोबत खरी हवी होती, यशराज. खोटी नको." तिचे डोळे भरून आले.

तो हळूच म्हणाला, "चुकलंच माझं. आता खरं शिकवू? वजन मागं ने. चाकाकडं बघू नको. जिथं जायचंय, तिथंच नजर ठेव."

रागारागातच तिनं सायकल वर नेली. वजन मागे घेतलं, नजर वळणावर ठेवली आणि एक, दोन, तीन... खाली पोचली. पाय टेकला नव्हता. राग कुठल्या कुठे पळाला. ती वळणाच्या कडेला उभी राहून हसत सुटली.

मागून यशराज निघाला. दोन कातळ नीट उतरला, आणि तिसऱ्यावरून सायकल वळणाकडे न जाता थेट तिच्याच दिशेनं आली. धडपडत पाय टेकून तो कसाबसा थांबला.

"परत नाटक?"

"नाय, आईशप्पथ." त्याचे कान लाल झाले होते. "जिथं जायचंय तिथं नजर ठेवली... तर तिथं तू उभी."

सुनयनानं खाली पाहिलं, मग त्याच्याकडे. मनातलं आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"मलाही तूच आवडतोस," ती म्हणाली. "पण पाय टेकलास. पेरू तुझ्याकडे लागले."

"दर रविवारी देतो."

"आणि सोमवारी?"