पिवळा बोया का बुडतो?

"विचारलंस?" जुमाना म्हणाली.

"विचारलं की," शिहाब म्हणाला.

"काय विचारलंस?"

"आज वारा कसा आहे ते."

जुमानाने कपाळावर हात मारला. शिहाबचा धाकटा भाऊ मिक्दाद धक्क्याच्या भिंतीवर बसून भोपळ्याच्या बिया सोलत होता, तो हसता हसता पडायलाच आला.

अकबा बंदराच्या धक्क्यावर सुट्टी लागल्यापासून या दोघांचं हेच चाललेलं. जुमानाला व्हायचं होतं कप्तान. साधंसुधं नाही, बंदरात ती घराएवढी जहाजं येतात ना, त्यांचं. आणि शेजारच्या शिहाबला व्हायचं होतं पोवळ्यांचा शास्त्रज्ञ. पण स्वतःसाठी काही मागायचं म्हटलं की दोघांचीही जीभ टाळूला चिकटायची. मग जुमानानेच शक्कल काढली. तुझ्यासाठी मी विचारते, माझ्यासाठी तू विचार. दुसऱ्यासाठी मागायला कसली लाज?

ती लगेच समुद्र केंद्रात गेलीसुद्धा. तिथल्या सौसन बाईंनी सांगितलं, "सुट्टीत मदतीला मुलं घेतो आम्ही. पण त्याला म्हणावं, पुस्तकातलं नको. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी घेऊन ये."

शिहाबच्या वाट्याला आले अबू नौफल. काचेच्या तळाच्या होडीचे तांडेल. मिशा झाडूसारख्या आणि आवाज भोंग्यासारखा. मोठ्या जहाजाच्या शाळेत जायचं तर आधी लहान होडीवर हात बसलेला बरा, असं धक्क्यावर सगळेच म्हणत. बाकीच्या होड्यांवर मालकांचीच पोरं होती. जागा होती ती फक्त अबू नौफलकडे.

"उद्या नक्की विचारतो," शिहाब म्हणाला.

"तू काय विचारणार," मिक्दाद म्हणाला. "तू दुकानात मीठ मागतोस तेसुद्धा माझ्या मागे उभा राहून."

त्या दिवसापासून शिहाब रोज पाण्याचा चष्मा लावून किनाऱ्याजवळ डुबक्या मारायला लागला. आणि त्याला खरंच काहीतरी दिसलं. पिवळ्या बोयाच्या आसपास पोवळ्याच्या फांद्या मोडून पडल्या होत्या. ताज्या तुटलेल्या, पांढऱ्याफटक. बोया म्हणजे तरंगतं पिंप. तो तळाला पक्का बांधलेला असतो. होड्यांनी तिथे नांगर टाकायचा नाही, बोयालाच दोर बांधायचा, असा नियम. मग नांगर टाकतंय कोण?

"अरे, सगळेच टाकतात," अबू नौफल धक्क्यावर उभे राहून ओरडत होते. "या बाकीच्या तांडेलांना लाज नाही. समुद्राचं वाटोळं केलं नुसतं."

"बोया दिसायला तर पाहिजे, अबू नौफल," एक तांडेल वैतागून म्हणाला. "सकाळी जावं तर गायब. दुपारी बघावं तर हजर. प्रवाहाने ओढत असेल खाली."

"प्रवाह म्हणे. डोळे तपासून घे."

जुमाना हे ऐकत होती, पण तिची नजर पाण्यावर होती. ती हळूच शिहाबला म्हणाली, "प्रवाहाने ओढला असता तर तिरपा झाला असता. तो तिरपा होत नाही. सरळ खाली बसतो. पाण्याखाली पिवळं दिसतंय बघ, तिकडे. त्याच्यावर वजन आहे काहीतरी."

शिहाबने डोळे बारीक केले. त्याला काहीच दिसलं नाही. "तुला दिसतं तरी कसं?"

"लाट तिथे जरा अडखळते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पोहत निघाले. मिक्दाद काठावर कपडे सांभाळत बसला आणि कुरकुरत राहिला. बोयाजवळ पोचून दोघांनी श्वास भरला आणि खाली गेले. बोयाच्या कडीला जाड जाळं बांधलं होतं. जाळ्यात क्रेटवर क्रेट, थंड सरबताच्या काचेच्या बाटल्यांचे, आणि ते हलू नयेत म्हणून वर भलेमोठे दगड. एकेका क्रेटवर निळ्या रंगात काढलेली होडी.

काचेच्या तळाची होडी. अबू नौफलची.

काठावर येऊन दोघं वाळूत बसले. धापा टाकत.

"बर्फ वाचवतात," जुमाना म्हणाली. "सकाळी टांगायचं, दुपारी गार झालं की काढायचं आणि पाहुण्यांना द्यायचं. तोवर बोया पाण्याखाली. दुसऱ्या होड्या येतात, बोया सापडत नाही, टाकतात नांगर."

"आणि काका त्यांनाच शिव्या देतात," मिक्दाद म्हणाला. "चला, सौसन बाईंना सांगू. दादाचं काम झालं."

शिहाब उठला नाही. काम झालंच होतं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं, कुठल्या पुस्तकात नसलेलं. पण सांगितलं तर केंद्रवाले अबू नौफलची होडी सुट्टीभर बंद करतील. मग जुमानाने शिकायचं कुठे?

"जा ना," जुमाना म्हणाली. तिने वाळूत बोट खुपसलं होतं. "माझ्यापायी पोवळी कशाला मोडायची?"

"आणि तू?"

"बघेन दुसरं काहीतरी."

दुसरं काही नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. शिहाब वाळू झटकून उठला. मग म्हणाला, "संध्याकाळी मी जाहा घेऊन जातो त्यांच्याकडे."

मिक्दादच्या हातातला बूट खाली पडला. "तू? जाहा?"

जाहा म्हणजे चारचौघांना घेऊन कुणाच्या दारी मागणं मागायला जाणं. लग्न ठरवायला जातात, भांडण मिटवायला जातात. यजमान कडू कॉफी देतो, पाहुणा कप पुढ्यात ठेवतो आणि मागणं मान्य होईपर्यंत ओठाला लावत नाही. पाहुणा कॉफी न पिता उठला तर यजमानाची मान खाली. आणि अबू नौफल तर असे की मागणं ऐकायच्या आधीच "दिलं" म्हणून मोकळे व्हायचे. धक्क्यावर त्यांच्या या दिलदारपणाची ख्याती होती आणि त्यांना तिचा भारी तोरा होता.

संध्याकाळी शिहाब आजोबांचा काळा झगा घालून निघाला. झगा पायात येत होता. मागे डोक्याला रुमाल बांधलेला मिक्दाद, चेहरा एकदम म्हाताऱ्यासारखा गंभीर. जुमाना दाराबाहेर थांबली. आत चार तांडेल बसले होते.

"या, या," अबू नौफल हसू दाबत म्हणाले. "मोठी माणसं आली आज."

कॉफी आली. शिहाबने कप जमिनीवर ठेवला. मिक्दादनेही ठेवला. तांडेलांनी एकमेकांकडे पाहिलं. हसणं थांबलं.

"पी बेटा," अबू नौफल म्हणाले. "ज्याच्यासाठी आलास ते दिलं."

शिहाबने तोंड उघडलं. बंद केलं. जाहात एकच मागणं मागायचं असतं. जुमानासाठी मागायचं ठरलं होतं, आणि डोळ्यांसमोर पांढऱ्या तुटक्या फांद्या होत्या.

"बोया," दारातून जुमाना म्हणाली. "बोया मोकळा करा, काका. तुमचे क्रेट काढा तिथून. दुसरं काही नको."

तांडेलांच्या माना अबू नौफलकडे वळल्या. मग एक तांडेल म्हणाला, "म्हणजे आम्ही इतके दिवस शिव्या खाल्ल्या त्या तुझ्या सरबतापायी?"

अबू नौफलच्या मिशा खाली आल्या. "मला वाटलं, जरा वेळ बुडला तर काय होतंय," ते पुटपुटले. भोंग्याचा आवाज पार बसला होता. "आणि नांगर माझ्यामुळे पडत होते." त्यांनी हातातलं कॉफीचं भांडं खाली ठेवलं. "उद्यापासून बर्फ विकत घेईन. तो बोया बुडतोय हे पाहिलं कुणी?"

"जुमानाने," शिहाब म्हणाला. आता त्याची जीभ सुटली. "काठावरून. लाट अडखळते तिथे, म्हणाली. मला तर दाखवूनही दिसलं नाही. काका, मी आलो होतो तिच्यासाठी. तिला तुमच्या होडीवर शिकायचंय. ते तिने सोडून दिलं आणि बोया मागितला."

"मुलगी लाट वाचते?" अबू नौफलनी जुमानाकडे नीट पाहिलं. "माझा हात आयुष्यभर सुकाणूवर, आणि मला ते वाचायला दहा वर्षं लागली."

"पण तुम्ही एकदाच दिलं म्हणालात," मिक्दाद म्हणाला.

"दिलं म्हणालो तेव्हा मी मोजून नव्हतो म्हणालो," अबू नौफल म्हणाले. "आता प्या रे ती कॉफी, थंड झाली."

शिहाबने एका घोटात प्यायली. इतकी कडू होती की डोळ्यांत पाणी आलं. निदान त्याने तरी तसंच सांगितलं.

सकाळी अबू नौफलनी क्रेट काढले आणि शिहाबचा दंड धरून त्याला थेट समुद्र केंद्रात नेलं. "बाई, पोवळी माझ्यामुळे मोडली," ते म्हणाले. "दंड काय असेल तो माझ्या नावे लिहा. आणि हा ज्याने शोधलं तो. याला ठेवून घ्या. बोलत कमी आहे, पण बघतो चांगलं."

सौसन बाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, तोंडावर बरंच सुनावलं आणि दंडही लिहिला, पण स्वतःहून कबूल केलं म्हणून होडी बंद केली नाही. मग शिहाबकडे वळल्या. "मोडलेल्या फांद्या परत लावता येतात. शिकवू?"

दुपारी काचेच्या तळाच्या होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, जुमाना लांब दांड्याची आकडी घेऊन उभी होती. बोयाची कडी धरायची होती. पहिल्यांदा हुकली. दुसऱ्यांदा आकडीच पाण्यात पडता पडता राहिली. मागून अबू नौफल गुरगुरले, "मासे पकडतेस का?" मिक्दाद पाहुण्यांमध्ये बसून खिदळत होता. जुमानाने लाटेकडे पाहिलं, ती वर येईपर्यंत थांबली आणि मग आकडी टाकली. खट्‌.

अबू नौफलनी इंजिन बंद केलं. टोपी काढून कपाळ पुसलं आणि पाहुण्यांना भोंग्याच्या आवाजात म्हणाले, "ही माझी नवी तांडेल. पुढेमागे मोठ्या जहाजावर दिसली तर ओळख ठेवा. ती ठेवील की नाही, माहीत नाही."